बकरी कुणाच्या मागं पळतात

स्टँडसमोर एवढा थोरला फ्लेक्स लागला की त्याच्यामागचं रसवंतीगृह पार झाकून गेलं. रसवंतीवाला खालून ओरडत होता, वर चढलेली पोरं ऐकून न ऐकल्यासारखं करत दोऱ्या आवळत होती, आणि शाळेतून घरी निघालेली सोनिया सायकलवर एक पाय टाकून, मान वर करून वाचत होती.

‘माळशिंगी शहरात आलात? मग हे पाहायलाच हवं!’

शहर! परवापरवापर्यंत माळशिंगी हे गाव होतं. चारी बाजूंनी गवताचा माळ आणि मधोमध गाव. मग ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली आणि तेव्हापासून जयराजदादासमोर कुणी ‘गाव’ म्हटलं की त्याला ठसका लागायचा. ‘शहर म्हणा, शहर!’ जयराजदादा म्हणजे माळ महोत्सव समितीचा अध्यक्ष. फ्लेक्सचं दुकानही त्याचंच, त्यामुळे समितीचं कुठलंही काम फिरून फिरून फ्लेक्सवरच येऊन थांबायचं.

सोनियानं एकेक फोटो बघितला. डोंगरावरच्या पवनचक्क्या. चौकातलं कारंजं. ‘आय लव्ह माळशिंगी’ अशी उभी केलेली अक्षरं, त्यातला लाल बदाम. हिरव्या जाळीची बेदाणा शेड. बिरोबाचं देऊळ. इथवर ठीक होतं. सगळ्यात खाली, सगळ्यात मोठ्या चौकोनात लिहिलं होतं, ‘थरारक! चित्तथरारक! बकरी बुजवणे!’ आणि फोटोत पिवळा फेटा, खांद्यावर कोरी घोंगडी, डोळ्यांवर काळा गॉगल असा राजवर्धन उभा होता. खाली नाव, ‘माळाचा राजा, मेंढपाळ राजवर्धन.’

राजवर्धन! बेदाणा शेडवाल्यांचा राजवर्धन! मोबाईलवर रील टाकून गावभर मिरवणारा, ज्याच्या घरात कुत्रंसुद्धा पाळलेलं नाही असा राजवर्धन!

आणि त्याच्यामागं कळपाच्या पुढं, एक कान पांढरा, एक काळा, अशी उभी होती ती कबरी होती. सोनियाची कबरी. जन्मली तेव्हा आई मेली म्हणून जिला सोनियानं बाटलीनं दूध पाजून वाढवलं ती. म्हणजे मागचा सगळा कळप त्यांचा होता.

सायकल अशी वळली की वर चढलेल्या पोरानं दोरी सोडून बघितलं.

आता बकरी बुजवणं म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण फ्लेक्सवर ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. सोनियाच्या लोकांत मेंढरांना बकरीच म्हणतात. दिवाळीच्या पाडव्याला बकऱ्यांना धुतात, पाठीवर गेरूचे पट्टे ओढतात, वाड्यातल्या लेंड्यांची रास करून तिला लक्ष्मी म्हणून तरवडाची पिवळी फुलं वाहतात, दूध उतू घालवतात. मग घरातलं एक माणूस हाक देत पुढं पळतं, मागची माणसं ताटं बडवून कळपाला बुजवतात, आणि अख्खा कळप धुरळा उडवत त्या हाकेमागं सुटतो. कळप कुणाच्या मागं सुटतो हे सगळ्या भावकीला दिसतं. ज्याच्या मागं सुटतो, वर्षभर बकरी त्याची. कुणी कागदावर लिहून देत नाही, पण तसंच मानतात.

सोनियाच्या घरी हे पळणं आधी आबांचं, म्हणजे तिच्या धुळा आजोबांचं होतं. मग वडलांचं झालं, मग दिग्विजयदादाचं. दादा फौजेत गेला. वडलांच्या, म्हणजे अण्णांच्या गुडघ्याचं सांगलीला ऑपरेशन झालं. तेव्हापासून शाळा सुटली की कळप वळायला सोनिया जायची, आणि सुट्टीच्या दिवशी तर उजाडल्यापासून. कोण लंगडतंय, कुणाला जुलाब झालेत, कोण आपल्या कोकराला पाजत नाही, सगळं तिला तोंडपाठ. म्हणून श्रावणात एकदा आबा स्वतःहून म्हणाले होते, ‘सोने, औंदा पाडव्याला तूच पळ.’ त्या दिवसापासून ती हाकेचा सराव करत होती. वक्तृत्व स्पर्धेत तालुक्यात पहिली आली तेव्हा तिनं भाषणाचा सरावही बकऱ्यांसमोरच केला होता. ढाल घरी आल्यापासून हिचं तोंड मिटायचं नाव घेत न्हाई, असं हरणाबाई आजीचं म्हणणं.

घरी आबा ओट्यावर बसून वाघर सांधत होते. वाघर म्हणजे बकऱ्यांच्या वाड्याभोवती लावायची जाळी. सोनियानं सायकल भिंतीवर आदळली.

“आबा, फ्लेक्सवर आपली कबरी हाय.”

“व्हय? झ्याक आलीया का?”

“कबरी झ्याक आलीया. तिच्याम्होरं त्यो राजवर्धन कशाला हाय?”

आबांच्या हातातली सुई थांबली. त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि जाळीचं एक भोक उगाचच बोटानं मोठं केलं.

“जयराज आला हुता. येत्या ऐतवारी बसनं पावणं येनार हायती. मैदानात म्होरं राजवर्धन पळनार. त्याला लोक वळकत्यात.”

“आन् पाडव्याला?”

“पाडव्यालाबी त्योच. क्यामेरावाली पुन्यांदा येनार हायती म्हणं.”

“आवं, तुमी मला सांगितलं व्हतंसा! सांगितलं व्हतंसा का न्हाई?”

“सांगितलं व्हतं गं. पन तवा समिती कुटं आली व्हती?”

“समिती आली म्हणून शबुद फिरतोय व्हय?”

आबा कासावीस झाले. “तुला न्हाई कळायचं. एवढ्या पावण्यांम्होरं पोरगी पळाली तर लोक म्हणत्याल, धुळाच्या घरात गडी ऱ्हायला न्हाई.”

“न्हाईच हाय गडी! दादा जम्मूला हाय. अण्णांचा गुडघा बांधलाय. तुमाला इथनं विहिरीपतोर गेलं की दम लागतोय. मग रोज बकरी कोण वळतंय? राजवर्धन येतोय व्हय गॉगल लावून?”

“सोने!” आतून हरणाबाई बाहेर आली. “आज्याबर बोलायची ही रीत हाय का? लोकं आपलं बघाय येत्यात तर येऊं देत की. तू ताट धरून हुबी ऱ्हा. मी धरलं, तुज्या आयनं धरलं.”

“तुमी धरलं, तुमीच धरा! मी न्हाई धरणार. आन् शाल कुनाला मिळनार हाय ते बी सांगा की आबा.”

हे तिनं अंधारात दगड मारल्यासारखं म्हटलं होतं. तो नेमका लागला. आबांचे कान लाल झाले. स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ देणार, माइकवर नाव घेणार, असं जयराज सांगून गेला होता. अख्ख्या आयुष्यात आबांचं नाव कुणी माइकवर घेतलं नव्हतं. सोनियाला क्षणभर त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून आणखीनच राग आला. शाल द्यायचीच होती तर नातीला पळू देऊन देता आली नसती काय?

तिनं सायकल पुन्हा काढली.

जयराजदादाच्या दुकानात मशीन घरघरत होतं आणि त्यातून कुणाच्या तरी वाढदिवसाचा चेहरा हळूहळू बाहेर येत होता, आधी केस, मग कपाळ.

“ये ये, वक्तृत्ववाली!” जयराज म्हणाला. “फ्लेक्स बघितलास? फोर कलर हाय.”

“बघितला. त्यातला मेंढपाळ बदला.”

“आगं, ब्रँडिंग असतंय ते. राजवर्धनला फॉलोअर किती हायत, ठाऊक हाय का?”

“मला बी हायत. सांजच्याला वाड्यावर या, शेपटीसकट दावते.”

मशीनवरचा पोऱ्या फिस्सकन हसला. जयराज हसला नाही. समजुतीच्या आवाजात म्हणाला, “तुजं म्हणनं बरोबर हाय. पन पावण्यांना एक चित्र लागतंय. फेटा, घोंगडी, मिशी.”

“राजवर्धनला मिशी कुटं हाय?”

“लावनार हाय.”

“बकरी मिशी बघून पळत्यात व्हय?”

“असं कर,” जयराज म्हणाला, “तू बसमदी गाईड हो. माइक तुज्या हातात. पावण्यांना समदी ठिकानं तूच दावायची. मंजे तुजाबी मान ऱ्हायला.”

सोनियाला नाही म्हणायचं होतं. पण माइक तिला आवडायचा, खोटं कशाला बोला. आणि बसमधून निदान पाहुण्यांना खरं काय ते सांगता तरी येईल. “होते गाईड,” ती म्हणाली, “पण लिहून दिलेलं वाचणार न्हाई.”

रविवारी बस आली. सांगलीचे, कोल्हापूरचे, पुण्याचे पाहुणे, टोप्या, पाण्याच्या बाटल्या, गळ्यात कॅमेरे. सोनियानं शाळेतल्या भाषणाचा आवाज लावला.

“पाहुणेहो, नमस्कार. हे चौकातलं कारंजं. तुम्ही आलात म्हणून आज त्याला पाणी आहे. नीट बघून घ्या, कारण तुमची बस वळली की ते बंद होतं.”

बस हसली. पुढच्या सीटवर बसलेल्या समितीच्या माणसानं मागं वळून डोळे वटारले.

“ही ‘आय लव्ह माळशिंगी’ची अक्षरं. इथं आम्ही कुणीच फोटो काढत नाही, कारण आम्हाला आधीच माहीत आहे. त्या वर दिसतायत त्या पवनचक्क्या. फ्लेक्सवर त्यांची पाती दाखवलीत, पण बघण्यासारखी खरी गोष्ट खाली असते. भर उन्हात त्या खांबाची बारीक लांब सावली पडते आणि आमची बकरी तिच्यात एकामागं एक रांगेत उभी राहतात, शाळेत प्रार्थनेला उभं राहावं तशी. सावली सरकली की रांग सरकते. मॉनिटर लागत नाही.”

“अगंबाई! कुठं? आत्ता दिसेल का?” मोठी टोपी घातलेल्या एक मॅडम खिडकीला चिकटल्या.

“आत्ता नाही. आत्ता बकरी मैदानात उभी केलीत, तुमच्यासाठी.”

“बरं. आणि हे मधलं सगळं रिकामं का ठेवलंय? प्लॉट पाडायचेत का?”

सोनियानं खिडकीबाहेर बघितलं. सोनेरी व्हायला लागलेलं पवन्याचं गवत वाऱ्यानं इकडून तिकडं लोळत होतं. मधे मधे तरवड पिवळाजर्द फुललेला. एक चंडोल पक्षी गवतातून दगड फेकल्यासारखा सरळ वर गेला आणि तिथंच हवेत थरथरत गात राहिला. रिकामं!

भाषणाचा आवाज गळून पडला. “रिकामं न्हाई त्ये मॅडम! माळ हाय त्यो! आमचं समदं तिथंच हाय. ड्रायव्हरमामा, थांबवा की जरा, उतरून दावते.”

ड्रायव्हरमामानं समितीच्या माणसाकडं बघितलं. तो म्हणाला, “चला, चला. ते ठिकाणांत नाही.”

बस थांबली नाही. सोनियानं माइक त्या माणसाच्या मांडीवर ठेवला. ड्रायव्हरमामानं आरशातून दोनदा तिच्याकडं बघितलं.

मैदानात स्टेज होतं, झेंडूच्या माळा होत्या, ‘मेंढपाळ राजवर्धन’चा आणखी एक फ्लेक्स होता. मैदानाच्या एका टोकाला कळप उभा होता, पाठीवर गेरूऐवजी झगमग करणारी चांदीची पावडर मारलेला. मधोमध लेंड्यांची रास. सोनियानं जवळ जाऊन बघितलं. थर्माकोलच्या गोळ्या, काळा रंग मारून.

“खऱ्या लेंड्यांचा वास येतोय म्हणं पावण्यांना,” हरणाबाई पुटपुटली. ताट अखेर तिनंच धरलं होतं, आणि तिचा चेहरा असा झाला होता की ताटातली निरांजनंसुद्धा घाबरून बारीक जळत होती. “लक्षुमीला थर्माकोल! ह्यास्नी काय म्हणावं गं?”

“मला काय विचारता? तुमीच म्हणलासा, लोकं बघाय येत्यात तर येऊं देत.”

हरणाबाईनं पायाच्या अंगठ्यानं एक गोळी राशीतून बाहेर ढकलली.

स्टेजवर आबांना शाल मिळाली. माइकवर नाव घेतलं, पण तेही ‘धोंडिराम’ म्हणून घेतलं. आबांनी मान हलवून ‘धुळा, धुळा’ असं सांगायचा प्रयत्न केला तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या.

मग राजवर्धन उतरला. फेटा, घोंगडी, गॉगल, मिशी. मोबाईल वर झाले. जयराजनं माइकवर गर्जना केली, “आणि आता, माळशिंगी शहराचं खास आकर्षण!” हलगी कडाडली. राजवर्धननं कळपासमोर उभं राहून हाक दिली, “हुर्र! चला रे माझ्या सोन्यांनो!” आणि तो पळत सुटला.

एकटाच.

सुरुवातीला त्याला ते कळलंच नाही. घोंगडी उडवत, हात हलवत त्यानं अर्धं मैदान मारलं, आणि मग मागं वळून बघितलं. कळप होता तिथंच होता. कबरी झेंडूची माळ खात होती. दोन कोकरं थर्माकोलची रास हुंगून शिंकत होती. पाहुण्यांतून कुणीतरी ओरडलं, “राजे, तुम्ही पुढं व्हा, ते येतील मागून!” मैदान खदखदलं.

“पुन्यांदा!” जयराज म्हणाला.

राजवर्धन पुन्हा पळाला. मग बिस्किटाचा पुडा घेऊन पळाला. तेव्हा मात्र एक म्हातारी मेंढी चार पावलं आली, पुड्याचा कागद खाल्ला आणि परत गेली. घामानं राजवर्धनची एका बाजूची मिशी सुटून गालावर लोंबायला लागली. तसा तो वाईट नव्हता बिचारा. सोनियाजवळून जाताना हळूच म्हणाला, “ही काय येत न्हाईत गं. तू सांग की त्यांना.”

जयराज स्टेजवरून उडी मारून सोनियाकडं आला. त्याच्याही कपाळावर घाम होता.

“सोनिया, एक काम कर. तू स्टेजच्या मागं जा आन् नुसती हाक दे. राजवर्धन म्होरनं पळंल. पिच्चरमदी कसं, गानारी येगळी आन् नाचनारी येगळी. कुनाला कळायचं न्हाई.”

सोनियाला आधी वाटलं, आपण चुकून भलतंच काही ऐकलं. नाही, बरोबर ऐकलं होतं. डोक्यापासून टाचेपर्यंत तिला नुसती आग आग झाली.

“म्हंजी आवाज माजा, बकरी माजी, आन् फोटो त्याचा?”

“फोटोत काय हाय एवढं?”

“काय नसंल तर मग माजा काढा!”

“शहराच्या इज्जतीचा प्रश्न हाय गं!”

“शहराची इज्जत माज्या घशावर हाय व्हय? मग आदी इचारायचं व्हतं घशाला!”

आसपासचे पाहुणे आता कळपाकडं नाही, इकडंच बघत होते. टोपीवाल्या मॅडमनी तर मोबाईलही इकडंच वळवला. तेवढ्यात आबा आले. नवी शाल एका खांद्यावरून घसरलेली, चेहरा उतरलेला. एवढ्या लोकांत त्यांचीच बकरी हलत नव्हती, म्हणजे हसं त्यांचंच झालं होतं.

“सोने,” ते खालच्या आवाजात म्हणाले, “दे गं हाक. माजी लाज जातीया.”

तिनं त्यांच्याकडं बघितलं. आबांना असं सगळ्यांदेखत नाही म्हणणं तिच्या जिवावर आलं. पण स्टेजच्या मागं जाऊन? लपून? जणू काही चोरीच केलीय अशी? श्रावणापासून घसा सुकेपर्यंत सराव केला तो पडद्यामागं उभं राहण्यासाठी?

“देते हाक,” ती म्हणाली. “पण स्टेजच्या मागनं न्हाई.”

तिनं ओढणी कमरेला बांधली. चपला काढून तिथंच टाकल्या. मैदानाच्या मधोमध, थर्माकोलच्या राशीला वळसा घालून ती कळपासमोर जाऊन उभी राहिली. हलगीवाला थांबला. एवढी माणसं आणि सगळी तिच्याकडं बघत होती. पण रागालाच जागा पुरत नव्हती, तिथं भीती कुठं बसणार?

“हिऽऽर्यो! हिऽऽर्यो! कबरेऽऽ!”

कबरीचं तोंड झेंडूतून वर आलं. दोन्ही कान ताठ.

आणि तेवढ्यात मागून ठणाठणा ठणाठणा आवाज सुरू झाला. हरणाबाईनं ताटातली निरांजनं, कुंकू, तांदूळ, सगळं जमिनीवर उतरवलं होतं आणि रिकामं ताट ती हातातल्या पाटल्यांनी बडवत होती. “पळ गं सोने!” ती किंचाळली. “बघत्येस काय? पळ!”

कळप बुजला. असा बुजला की जमीन हलल्यासारखी झाली. सोनिया पळत सुटली आणि मागून अख्खा कळप सुटला, चांदीची पावडर हवेत उडवत, थर्माकोलच्या राशीचा चुरा करत, स्टेजच्या पायऱ्यांवरून उड्या मारत. जयराजनं हात पसरून “इकडं! क्यामेऱ्याकडं!” असं ओरडून बघितलं आणि मग स्वतःच फ्लेक्सच्या मागं उडी मारली.

स्टेजला फेरी मारायची, असं ठरलेलं होतं. सोनिया वळलीच नाही. मैदानाचं फाटक उघडं होतं आणि फाटकाच्या पलीकडं रस्ता, रस्त्याच्या पलीकडं माळ. ती सरळ पळाली. बसचा ड्रायव्हरमामा टायरला टेकून विडी ओढत होता, तो विडी टाकून टपावर चढला. रस्त्यावर एक ट्रॅक्टर आणि दोन मोटारसायकली आपापल्या जागी खिळल्या. सोनियानं रस्ता ओलांडला, बांध ओलांडला आणि गवतात शिरली, तरी थांबली नाही. तळव्याखाली आता डांबर नव्हतं, ऊन लागलेली माती होती. मागं खुरांचा आवाज होता, नुसता आवाज, आणि त्यातसुद्धा कबरीचा श्वास तिला वेगळा ऐकू येत होता.

उतारावर आल्यावर तिनं वेग कमी केला. कळपानंही केला. मग एकेकीनं गवताला तोंड लावलं आणि पळणं संपलं. सोनिया धापा टाकत खाली बसली. कबरीनं तिच्या कानात नाक घातलं.

आणि मागून पाहुणे येत होते! पळत, अडखळत, हसत, बांधावर एकमेकांना हात देत. सगळ्यांच्या पायमोज्यांना कुसळं चिकटलेली. टोपीवाल्या मॅडमची टोपी मागंच कुठंतरी पडली होती. त्या गवतात उभ्या राहिल्या, श्वास घेतला आणि चारी बाजूंना बघितलं. “अगं,” त्या म्हणाल्या, “हे केवढं मोठं आहे!”

“मग मगाशी काय सांगत होते मी?” सोनिया म्हणाली. राग अजून गेलेला नव्हता. पाहुण्यांवरचा नाही म्हटलं तरी थोडा उतरला होता, पण बाकीचा होता तसाच होता.

मोटारसायकलवरून जयराज आला. मागं राजवर्धन, एक मिशी असलेला. जयराजच्या शर्टाला चांदी लागली होती.

“क्यामेऱ्यात कायबी आलं न्हाई,” तो म्हणाला. “नुसता धुरळा आलाय. चल, परत वळीव, पुन्यांदा घेऊ. ह्या टायमाला तू बी ऱ्हा फोटोत, राजवर्धनच्या श्येजारी. झालं?”

“न्हाई झालं,” सोनिया म्हणाली. “बकरी दमल्यात. आता ती चरनार.”

“आगं, धा मिन्टं!”

“पावण्यांना बघायचंय ना? बघू द्यात की. हितंच हाय समदं.”

जयराजनं मग बांधावरून हळूहळू उतरणाऱ्या आबांकडं बघितलं. हरणाबाई त्यांचा दंड धरून चालत होती. दुसऱ्या हातात तिचं ताट होतं. बडवून बडवून त्याला पोचे आले होते.

“आबा, तुमी सांगा हिला. बकरी तुमची हायती.”

आबा आले, उभे राहिले. दम खात त्यांनी कळपावरून नजर फिरवली. मग खांद्यावरची शाल काढली, घडी केली आणि जयराजच्या मोटारसायकलीच्या सीटवर ठेवली.

“माजी कुटं?” ते म्हणाले. “कुनाच्या मागं आल्याती ते तुमी बघितलंसा न्हवं? तिलाच इचारा.”

पाहुण्यांपैकी कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं. राजवर्धननं उरलेली मिशी ओढून काढली आणि खिशात घातली.

आबा सोनियाजवळ आले. तिच्या डोक्यावर हात ठेवायला त्यांनी हात पुढं केला, तर तिनं डोकं बाजूला घेतलं.

“आदी सांगा,” ती म्हणाली, “पाडव्याला कोण पळनार?”

“तूच की गं.”

“हे श्रावनात बी सांगितलं व्हतंसा.”

वाऱ्यानं गवत आबांच्या गुडघ्यापर्यंत आलं आणि परत गेलं. पाहुणे उगाचच बकऱ्यांकडं बघत असल्यासारखं करत होते.

“मग आता काय करू?” आबांनी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

“समद्यांम्होरं बोला. पावण्यांम्होरं, जयराजदादाम्होरं. मोठ्यानं.”

“हितं माइक कुटं हाय?”

“घसा हाय न्हवं? बोला.”

आबांनी हरणाबाईकडं बघितलं. हरणाबाईनं ताट छातीशी धरलं आणि दुसरीकडं तोंड फिरवलं. त्यात ‘माझ्याकडं बघू नका, बोला’ हे सगळं आलं. मग आबांनी धोतराचा सोगा सावरला, बकऱ्यांना हाक द्यायला उभे राहायचे तसे पाय रोवून ताठ उभे राहिले आणि माळाकडं तोंड करून ओरडले,

“ऐकाऽऽ! पाडव्याला माजी बकरी माजी नात पळीवनार हाय! सोनियाऽऽ! दुसरं कुनीबी न्हाई!”

आवाज फुटला, शेवटी खोकला आला. पण लांबच्या पवनचक्कीखाली बसलेल्या एका गुराख्यानं तिथनं हात वर करून “व्हऽऽय!” म्हणून ओरडून सांगितलं की ऐकू आलं.

सोनियानं आता डोकं बाजूला घेतलं नाही.